माळाचा गहू आणि कलावतीअक्का

खताच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला दोन प्रकारची गिऱ्हाइकं भेटतात. एक 'काय असंल ते द्या' म्हणणारं आणि दुसरं 'शेजाऱ्यानं नेलं तेच द्या' म्हणणारं. हळ्ळीखेडच्या अलीकडं, रस्त्याला लागून असलेल्या आमच्या दुकानात मी या दोघांच्या जिवावर बरीच वर्षं सुखात काढली. तिसऱ्या प्रकारचं गिऱ्हाईक एकच आलं. त्यांचं नाव कलावतीअक्का. त्या आल्या आणि माझ्या सुखाला दृष्ट लागली.

अक्का आमच्याच गावच्या, पण माळावरच्या वस्तीतल्या. गाव खाली ओढ्याकाठी, काळ्या रानात. वस्ती वर, तांबड्या मुरमाड मातीत. वस्ती बौद्धांची. कुणाच्या वाट्याला कुठली जमीन आली, हे सांगायला आमच्याकडं इतिहास लागत नाही, मातीचा रंग बघितला की पुरतं. अक्कांचं चार एकर रान, त्यात एक विहीर, आणि किसनभाऊ नावाचा नवरा. हा माणूस इतका भला की त्याच्या भलेपणानं अक्कांचं एक अख्खं वर्ष बुडवलं. ते पुढं सांगतो.

अक्का बुटक्या, अंगानं चिवट, चालताना पुढं झुकलेल्या. पदराच्या टोकाला कायम गव्हाचे दाणे बांधलेले. बोलता बोलता गाठ सोडायच्या, एक दाणा दाताखाली धरायच्या आणि कट्‌ आवाज आला की समोरच्याकडं बघायच्या, जणू त्यानंच तो दाणा पिकवला आहे. शाळा चौथीपर्यंत. पण कुठल्याही शिकलेल्या माणसाला घाम फोडील असा एक शब्द त्यांच्याकडं होता, तो म्हणजे 'कामून?'

बसच्या कंडक्टरनं सांगितलं, "गाडी आज हुमनाबादला जाणार न्हाई," की अक्का विचारणार, "कामून?" त्यानं कारण सांगितलं की त्या कारणाचं कारण. एकदा एका कंडक्टरला डेपोतली सगळी भांडणं अक्कांना सांगून टाकावी लागली, तेव्हा कुठं तो सुटला. डॉक्टरनं जेवणाअगोदर घ्यायची गोळी दिली. अक्कांनी विचारलं, कामून? तो बिचारा औषधाची पट्टी उलटी करून वाचत बसला. गावात त्यांच्या माघारी त्यांना 'कामूनअक्का' म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

त्यांचा दुसरा प्रश्न याहून वाईट. कुणी ठासून काही सांगितलं की अक्का शांतपणे म्हणायच्या, "बघितलाव का ऐकलाव?" या प्रश्नापुढं आमच्या गावातली निम्मी बोलणी बंद पडायची.

अशा या अक्का एका दिवाळीनंतर, खपली गहू पेरायच्या आधी, दुकानात आल्या.

"अण्णा, लाल पोटॅश हाय का?"

होतं. मागं कोपऱ्यात दोन पोती ओल धरून दगड झाली होती. आमच्याकडं लोक युरिया नेतात, डीएपी नेतात. पोटॅशला कोणी विचारत नाही.

"हाय की," मी म्हणालो. "पन तुमाला कशाला? आपल्याकडच्या मातीत पोटॅश लई हाय. माती तपासल्याली कार्डं आल्यात, त्याच्यात तसंच लिवलंय."

"बघितलाव का ऐकलाव?"

मी नुसतं ऐकलेलंच होतं. अक्कांनी पिशवीतून तांबड्या मातीचं एक ढेकूळ काढून माझ्या टेबलावर, पावतीपुस्तकाच्या शेजारी ठेवलं. "पोटॅश लई हाय ते काळ्या रानात. हे काळं हाय का?"

मग पदराच्या दोन गाठी सुटल्या. टरफल काढलेल्या खपलीचे दाणे, दोन वेगळ्या चिमटी. एकीतले दाणे चिमलेले, पाठीवर सुरकुत्या पडलेले. दुसरीतले लांबट, टचटचीत, तांबूस आणि चमकदार. मला वाटलं दोन बियाणी. अक्का म्हणाल्या, एकच बियाणं आणि एकच रान. भरलेला दाणा फक्त घरामागच्या कोपऱ्यातला. त्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं चुलीतली राख पडत आली होती. वारं सुटलं की सगळा गहू लोळायचा, तेवढा कोपरा उभा राहायचा. अक्कांनी दोन वर्षं हे बघितलं आणि मग शेतकी खात्यातल्या एका माणसाला गाठून 'कामून' विचारलं. तो म्हणाला, राखेत पोटॅश असतं. त्यानं काडी ताठ होते, पाणी कमी पडलं तरी पीक तग धरतं, आणि पानातला कस दाण्यात नीट उतरतो.

"मग कार्डात कामून लई म्हणून आलं?" आता मीच त्यांचा शब्द वापरला.

अक्का हसायला लागल्या. हसताना त्या तोंडावर पदर घेत नसत, चक्क टाळी द्यायच्या. "आमच्या घरधन्याला ईचारले मी. म्हनलं, तपासाय दिल्याली माती कुटून घेतलाव? तर म्हंतेत, घरामागून, लिंबाखालून. उन्हात कोन जायलंय रानात!"

म्हणजे किसनभाऊंनी नेमकी राखेच्या कोपऱ्यातली माती पिशवीत भरून दिली होती. आणि ते एकटेच नव्हते. वस्तीतल्या बहुतेकांनी घराजवळच्या सावलीतूनच माती उचलली होती, कारण घर तिथं सावली आणि सावली तिथंच राख. अक्कांनी मग रानात नागमोडी चालत आठ-दहा जागची माती काढली, एकत्र केली आणि पुन्हा तपासायला दिली. ते नवं कार्ड त्यांनी माझ्यापुढं धरलं. पोटॅशच्या पुढं 'कमी' लिहिलेलं होतं.

मी दगड झालेलं पोतं फोडायला घेतलं. फोडता फोडता सहज म्हणालो, "एवढा आटापिटा खपलीसाठी? त्यापरीस तूर घ्या, सोयाबीन घ्या."

अक्कांचं हसणं थांबलं. त्यांनी जे सांगितलं ते मला माहीतच होतं, पण मला कुणी कधी असं समोर बसून सांगितलं नव्हतं.

आमच्या गावच्या मठात जत्रेला दासोह असतो, म्हणजे सगळ्या गावाचं एकत्र जेवण. त्यात हुग्गी, गव्हाची खीर. तिच्यासाठी घरटी एक शेर खपली जमा होते आणि मठाच्या अंगणात एका चटईवर ओतली जाते. सगळ्या गावाचा एकच ढीग. आम्ही शरणांच्या, म्हणजे लिंगायत संतांच्या परंपरेतली माणसं, आमच्यात लहानमोठं नाही, हे आम्ही त्या ढिगाकडं बोट दाखवून अभिमानानं सांगतो. फक्त माळावरच्या वस्तीचा गहू त्या ढिगात पडत नाही. तो भिंतीकडच्या वेगळ्या पोत्यात जातो आणि पुढं जनावरांच्या आंबोणात. कारण विचारलं तर सांगायचं की माळाचा गहू बारीक, कांडताना तुटतो, हुग्गीचा लगदा होतो.

"खोटं न्हाई ते," अक्का म्हणाल्या. "तुटतोय. पन अण्णा, मला एकदा कळू द्या, माळाचा गहू वाईट हाय म्हनून ते पोतं येगळं हाय, का माळावरची मानसं हाव म्हनून? गहू चांगला झाला की कळतंय. तवर मी भांडू कशी?"

अक्का त्या दासोहाला कधी जेवायला येत नसत. "जिथं माझा गहू न्हाई तिथं माझं पान न्हाई," असं त्या म्हणायच्या. मी खाली मान घालून पोटॅश मोजलं. माझे दोड्डप्पा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, त्या दासोहाचे कारभारी होते. आणि ढिगात सगळ्यात आधी पडायचा तो गहू आमच्या घरचा असायचा.

अक्कांनी रानाचे पट्टे पाडले. एक पट्टा पोटॅश टाकलेला, एक न टाकलेला, पुन्हा एक टाकलेला. बियाणं एकच, युरिया तेवढाच, पाणी तेवढंच. माळावरून येणारा-जाणारा थांबून हसायचा. पीक पोटरीत आलं तेव्हा मी एकदा मुद्दाम बघायला गेलो. सगळे पट्टे एकसारखे ताठ, एकसारखे हिरवेगार. अक्का बांधावर कपाळाला हात लावून बसल्या होत्या.

"अण्णा, राख न्हाई न् काय न्हाई, समदं सारखंच कामून आलंय?"

किसनभाऊ विहिरीकडं बघत उभे होते. मग विहिरीकडंच बघत बोलले, "म्या टाकलो."

"काय टाकलाव?"

"उरल्यालं लाल खत. त्या बाकीच्या पट्ट्यांस्नी. एकाला जेवाय घालायचं आन एकाला उपाशी ठेवायचं, बघवंना मला. त्येबी आपलंच रान हाय की गं."

अक्का आठ दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मी मात्र त्या दिवसापासून किसनभाऊंचा भक्त झालो. पोटच्या पोरांत दुजाभाव करणारी माणसं मी बघितली आहेत, आणि या माणसाला रानाच्या पट्ट्यांत दुजाभाव सोसला नाही.

त्या वर्षी अक्कांचा गहू सगळाच चांगला निघाला. दाणा भरलेला, चमकदार. वस्तीतले लोक म्हणाले, चला मठात, दाखवू. अक्का गेल्या नाहीत. "कशानं चांगला आला ते कुटं कळलं? औंदा थंडीबी झ्याक पडली. उद्या कोनी ईचारलं तर काय सांगू?" जिंकायची वेळ आलेली असताना आपलाच पुरावा कच्चा म्हणून मागं थांबणारी दुसरी व्यक्ती मी आजवर बघितलेली नाही. मला तर रागच आला होता त्यांचा.

पुढच्या हंगामात पट्टे पुन्हा पडले. या वेळी उरलेलं पोटॅश अक्कांनी माझ्या दुकानात आणून ठेवलं आणि बजावलं, "आमचे मालक मागाय आले तर देऊ नगा." त्यांचं बघून वस्तीतल्या आणखी पाच घरांनीही पोटॅश टाकलं.

माघात, दाणा भरायच्या ऐन वेळी, वारं आणि पाऊस आला. खाली काळ्या रानात माझा गहू अर्धाअधिक लोळला. मी खतवाला, युरिया सढळ हातानं टाकायची माझी जुनी खोड, तिनं काडी नुसती उंच आणि पोकळ केली होती. दुसऱ्या दिवशी माळावर गेलो. वाटेवरूनच दिसलं. एक पट्टा झोपलेला, एक उभा, एक झोपलेला, एक उभा. अक्का मधल्या सरीत उभ्या होत्या, त्यांनी दोन्ही हात वर केले आणि मोठ्यानं हाक मारली, "अण्णाऽ, बघितलाव का ऐकलाव?"

"बघितलो अक्का, बघितलो!" मी बांधावरून ओरडलो. मला इतका आनंद झाला होता की स्वतःचा लोळलेला गहू मी पार विसरलो.

काढणीनंतर दोन्ही पट्ट्यांचा गहू अक्का दुकानात घेऊन आल्या. एकच गिलास, काठोकाठ भरून बोटानं सपाट केलेला, आणि माझा काटा. उभ्या पट्ट्याचा गिलास दर वेळी जड. रासही त्याचीच मोठी. चिमलेले दाणे निवडून बाजूला काढले तर एकीकडं मूठभर आणि दुसरीकडं चिमूटभर.

पुढं काय झालं ते सांगण्याआधी एक नंतरची गोष्ट इथंच सांगतो, नाहीतर अक्का फक्त स्वतःच्या गव्हासाठी लढल्या असं वाटेल. ही बातमी पसरल्यावर सगळा मुलूख माझ्या दुकानात पोटॅश मागायला लोटला. मी खूश. तर अक्का बाजारच्या दिवशी येऊन दुकानाच्या बाकड्यावर बसायला लागल्या. गिऱ्हाईक आलं की विचारायच्या, "रान काळं का तांबडं? माती तपासलाव का? सावलीतली दिलाव का रानातली?" काळ्या रानाच्या माणसाला सरळ घरी पाठवायच्या. माझ्या रानातही त्यांनी एक पट्टा टाकून बघायला लावला होता. काही फरक पडला नाही, तेही त्या सगळ्यांना सांगायच्या. एकानं माळावर दुप्पट टाकलं आणि काही जास्त आलं नाही म्हणून भांडायला आला. अक्का म्हणाल्या, "दुप्पट हुग्गी खाल्लास तर दुप्पट मोटा होशील का पोट दुखंल?" दुसऱ्यानं युरिया बंद करून नुसतं पोटॅशच टाकलं, त्याची त्यांनी अशी हजेरी घेतली की तो महिनाभर आमच्या रस्त्याला फिरकला नाही. माझ्या दुकानात बसून माझंच गिऱ्हाईक परत पाठवणारी ही बाई, आणि मी तिला चहा पाजत होतो.

तर जत्रेच्या आधी गहू जमा करायचा दिवस आला. अक्का सकाळी दुकानात हजर. "अण्णा, तुमच्या घरच्या गव्हाची एक वाटी द्या. आन मठात चला. तुमी मात्र काय बोलायचं न्हाई."

मठाच्या अंगणात चटई अंथरली होती. दोड्डप्पा खुर्चीवर, आणि चटईपाशी सिद्रामअण्णा. सिद्रामअण्णा म्हणजे हुग्गी करणारे आचारी, त्या पंचक्रोशीत त्यांचा शब्द शेवटचा. अक्कांनी दोन वाट्या त्यांच्यापुढं ठेवल्या. कुठली कुणाची ते सांगितलं नाही. "सिद्रामअण्णा, हुग्गीला कोन्ता चालंल, सांगा."

सिद्रामअण्णांनी दोन्हीतला एक-एक दाणा चावला. मग एक-एक मूठ उखळात टाकून हलक्या हातानं कांडली आणि तळहातावर पसरली. एका मुठीत बरीच कणी झाली होती. दुसरीतला दाणा न् दाणा अख्खा. त्यांनी ती दुसरी मूठ वर धरली आणि कानडीत म्हणाले, "इदे." मग आमच्यासाठी मराठीत, "हाच. असला गहू लई वर्सांत हाताला लागला न्हाई."

दोड्डप्पा खुर्चीत सावरून बसले आणि माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "आमच्या शरणप्पाचा असनार."

"शरणप्पाअण्णाचा ह्यो कणीवाला," अक्का म्हणाल्या. "अख्खा हाय तो माळाचा. सहा घरांचा हाय, पोतं भायेर गाडीत हाय."

दोड्डप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी बोलायचं नव्हतं आणि मी बोललो नाही. पण खरं सांगायचं तर अक्कांनी मना केलं नसतं तरी मी बोललो नसतो. त्याची लाज मला अजून वाटते.

"गहू चांगला हाय अक्का," दोड्डप्पा हळूहळू म्हणाले, "कोन न्हाई म्हणायलंय? पन ते पोतं येगळं ठेवायची पद्धत हाय."

"कामून?"

"आता... पहिल्यापासून हाय."

"पहिल्यापासून गहू बारीक होता अप्पा. आता न्हाई. गव्हाचं कारन सरलं. दुसरं काय कारन असंल तर ते सांगा. समद्यांम्होरं सांगा, मी ऐकून घेते आन जाते."

आवाज चढलेला नव्हता. दुकानात पोटॅशचा भाव विचारावा तसा साधा प्रश्न. दोड्डप्पांच्या ओठांशी शब्द आले असावेत, पण ते उघड्यावर, त्या ढिगासमोर, म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

तेवढ्यात सिद्रामअण्णा उठले. बाहेर गेले आणि किसनभाऊंच्या मदतीनं पोतं आत घेऊन आले. "मला हुग्गी करायची हाय," ते दोड्डप्पांना म्हणाले. "पद्धत शिजवाय येत न्हाई मला." त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि सगळा गहू ढिगावर रिता केला. मग गुडघ्यावर बसून दोन्ही हात कोपरापर्यंत ढिगात घातले आणि गहू खालीवर केला. आमचा, त्यांचा, सगळा. "आता कोनाला येगळं करायचं असंल त्यानं निवडत बसावं," म्हणाले. कुणी पुढं आलं नाही. भिंतीकडचं रिकामं पोतं एका बाईनं झटकून घडी घातलं आणि आत नेऊन ठेवलं. किसनभाऊ रडायला लागले. अक्का म्हणाल्या, "गप बसा, लोकं बघायलेत," आणि स्वतःच डोळे पुसले.

अक्का आता कलबुर्गीला लेकीकडं असतात. लेक तिथं नर्स आहे. फोनवर अजून 'कामून' चालू असतं. पण त्यांची आठवण निघाली की मला त्या जत्रेची पंगत दिसते. अक्का पहिल्यांदाच जेवायला आल्या होत्या. मागच्या ओळीत नाही, सिद्रामअण्णांनी त्यांना मधोमध बसवलं होतं. शेजारी किसनभाऊ, पलीकडं वस्तीतली माणसं, इकडं आमच्या भावकीतल्या बायका. हुग्गी वाढायला दोड्डप्पा स्वतः आले. वयानं वाकलेले, एका हातात बादली, एका हातात पळी. अक्कांच्या पानापुढं ते आणखी वाकले आणि पळीभर वाढून तिथंच थांबले.

"कशी झालीया अक्का?" त्यांनी विचारलं.

सगळी ओळ अक्कांकडं बघत होती. त्यांनी घास घेतला. घाई केली नाही. दाणा न् दाणा चावून, चवीनं खाल्ला. मग मान वर करून, घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाल्या, "गहू झ्याक हाय अप्पा. गूळ कमी पडलाय."

आणि दोड्डप्पा बादली खाली ठेवून लगबगीनं गूळ आणायला गेले.